पिंपळाखालचा मुद्देमाल

बैल रस्त्यात बसला तेव्हा सकाळची मोटार यायला थोडाच वेळ होता आणि माझं तेल तापलेलं होतं. मला राग आला तो त्याचा. बैलाच्या पाठीकडं मी नंतर पाहिलं.

महाडहून पोलादपूरकडे येताना पोलादपूरच्या अलीकडे आमचा नाका होता. नाका म्हणजे चार दुकानं, एक पोलीस चौकी आणि चौकीसमोर पार बांधलेला पिंपळ. चारांतलं एक दुकान चहाचं, ते माझं. नवरा मुंबईला गिरणीत, सासूसासरे वारलेले, म्हणून दुकान मीच चालवायची. तेव्हा मी तिशीची असेन. या रस्त्यावर मोटारी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. मोटार थांबली की पंधरा-वीस माणसं उतरायची, घाईघाईनं चहा-भजी घ्यायची आणि जायची. तेवढ्या वेळात जे होईल त्यावर माझं घर चालायचं. मोटार नाक्याच्या आधीच अडकली असती तर माणसं पलीकडच्या दुकानात बसली असती. माझा हिशेब एवढाच होता.

बैल कुडपणच्या अंगाच्या एका वाडीतल्या म्हाताऱ्याचा. तिकडे गाडीवाट नव्हती. डोंगरातली माणसं हिरडा गोणींत भरून बैलांच्या पाठीवर लादायची आणि पायवाटेनं खाली उतरायची. हा म्हातारा दर चैत्रात दोन-तीन खेपा करायचा. साठीच्या आतबाहेरचा, काटक, फारसं न बोलणारा. दोन्ही मुलगे मुंबईला. घरी म्हातारी, थोडी नाचणी-वरीची जमीन आणि बैलांची एक जोडी. त्या जोडीतला हा एक.

बैल बसला तशी माणसं जमली. आमच्या नाक्यावर एरवी हाक मारली तर कोणी येत नसे, पण जनावर पडलं की चाळीस पावलांवरून लोक धावत यायचे. कोणी शेपूट पिरगाळली. कोणी कानात पाणी ओतलं. एकानं काठीचं टोक फऱ्यात खुपसून पाहिलं.

“शेपूट चावा रे. माझा मामा चावायचा. तटकन उठायचा बैल.”

“हाय का मामा आता?” किराणा दुकानाच्या शेठनं ओट्यावरूनच विचारलं.

“नाय. लाथ बसली छातीत.”

सगळे हसले. मीही हसले. मग कोणीतरी पेंढा आणून बैलाच्या पोटाशी पेटवला. बैल गुडघ्यांवर दोन हात पुढं सरकला आणि पुन्हा बसला. जाळापासून लांब गेला, एवढंच.

“नका रं, नका,” म्हातारा म्हणत होता. “गोण्या उतरू द्या. वजन हाय. उतरलं की उठंल.”

त्याचं कोणी ऐकत नव्हतं. त्यानं एकट्यानंच गाठी सोडल्या, गोण्या खाली ओढल्या, पाठीवरची गादी काढली. तेव्हा ती जखम दिसली. वशिंडाच्या मागं वीतभर कातडी गेलेली, आत मांस, आणि मांसात पांढरे किडे वळवळत होते. वास सुटला. इतका वेळ शेपूट धरून बसलेल्यांनी धोतराचे सोगे नाकाला लावले आणि चार पावलं मागं सरले.

“पाठ अशी लागली आणि वर हिरडा लादलास?” मी म्हटलं.

“काल येवढी नव्हती, बाय.”

हे खोटं होतं. अशी पाठ एका दिवसात लागत नाही. माझे वडील गुरांचं औषध करायचे. मला पाहताच कळलं की जखम आठ-दहा दिवसांची आहे. त्यालाही ती दिसत होती. दुसरा बैल नवा होता, ओझ्याला तयार नव्हता, म्हणून यानं हाच लादला. त्याचं काही चुकलंच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या गर्दीत बैलाला न मारणारा तोच एक होता, हेही खरं.

मोटारीचा भोंगा वळणावर ऐकू आला. मी हात पुसून चौकीत गेले आणि हवालदाराला म्हटलं, “बाहेर बैलाचे हाल चाललेत. जरा येऊन रस्ता मोकळा करा.”

हवालदार एरवी खुर्चीतून हलत नसे. त्या दिवशी तो टोपी घालूनच उठला. मागाहून कळलं ते असं: मुक्या जनावरांचा छळ करणाऱ्यांवर खटले भरा, असा वरून कागद आला होता आणि आमच्या चौकीतून एकही खटला गेला नव्हता. कागद टेबलावर पडून त्याच्याकडं बघत होता म्हणा ना.

“हाल कोण करतंय, वहिनी?” त्यानं विचारलं.

तेव्हा मी नावं घेऊ शकले असते. शेपूट पिरगाळणारा माझं रोजचं गिऱ्हाईक होता. पेंढा पेटवणारा माझ्या शेजारचा. मी म्हटलं, “मालक कोण आहे ते विचारा.”

हवालदारानं पंचनामा केला. जखम आपल्या हाताच्या वितीनं मोजली आणि ‘वीतभर’ असं लिहिलं. पंच म्हणून पाच जण घेतले. त्यांतल्या तिघांनी घटकेपूर्वी त्याच बैलावर हात धुऊन घेतले होते. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं अंगठे उठवले. तक्रारदार मी.

“तक्रार कसली? रस्ता मोकळा करा म्हटलं मी,” मी म्हणाले.

“जनावराचे हाल होतायत, हे तुम्ही म्हणालात ना?”

“म्हणाले.”

“मग करा सही. तुम्हाला येते ना सही?”

सही येणारी नाक्यावर मी एकटीच बाई होते. मी सगळ्यांच्या देखत, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. सहीचा मला तेव्हा गर्व होता.

म्हाताऱ्याला महाडची तारीख मिळाली, ज्येष्ठातली. त्याला सोडलं. बैल ठेवून घेतला. दहा जणांनी उचलून त्याला पिंपळापाशी नेलं आणि पाराच्या कडीला बांधलं.

“बैल कधी देनार, सायेब?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“हा आता तुझा बैल नाही, मुद्देमाल आहे. कोर्टात दाखवायचा.”

“औषीद तरी लावू द्या पाठीला.”

“अजिबात नाही. जखमेला हात लावायचा नाही. जखम हाच तर पुरावा.”

“पेरनीला लागंल ओ मला. एका बैलानं नांगर चालत नाय.”

“मग पाठ लागेपर्यंत कशाला लादलास?” हवालदार म्हणाला. मीही तेच विचारलं होतं.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तो डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन डोंगर उतरायचा. एवढ्या लांबून तो भारा आणण्यात काही अर्थ नव्हता, वैरण नाक्यावरही मिळाली असती, पण बैलाला घरचं गवत पाहिजे असं त्याचं म्हणणं. बैलापाशी तासभर बसायचा, माश्या हाकलायचा आणि परत चढायचा.

बाकीच्यांना बैल हा एक तमाशा झाला. मोटार थांबली की उतारू आधी पिंपळाकडे जायचे, मग चहाला. माझं गिऱ्हाईक त्या दिवसांत वाढलं, हे मला लिहिलं पाहिजे.

“मेला काय रे?”

“नाय अजून.”

“परवा पन नव्हता मेला. चिवट हाय.”

बायका त्याच्या कपाळाला कुंकू लावायच्या, पायांना हात लावून तो कपाळाला न्यायच्या. जखमेकडं कोणी पाहत नसे. तोंडाकडून पाया पडायचं आणि वारा जिकडून येतो तिकडून निघून जायचं.

चार-पाच दिवसांनी वास माझ्या दुकानापर्यंत यायला लागला. दयेनं मी काही केलं असं कोणी समजू नये. भज्यांपाशी तो वास परवडणारा नव्हता. हवालदार दुपारी जेवून घोरायचा. त्या वेळात मी सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस जखमेत पिळला, फडकं वरून दाबून धरलं. किडे बाहेर यायला लागले. चिमट्यानं काढता येतील तेवढे काढले. नंतर करंजाच्या तेलात कापूर घालून लावलं. वडील असंच करायचे. बैलानं कातडी थरथरवली, पण पाय झाडला नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा. तिसऱ्या दुपारी पुन्हा. आठवड्यात वास गेला. कडेनं नवी गुलाबी कातडी धरायला लागली.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “बोलू नकोस कोणाला.” त्यानं मान हलवली आणि पुढच्या खेपेला माझ्या ओट्यावर रानकेळीच्या पानात बांधलेलं मधाचं पोळं ठेवून गेला.

पण हवालदार काही आंधळा नव्हता. दर सोमवारी तो जखमेवर वीत धरून बघायचा. एका सोमवारी वीत पुरून उरली.

“वहिनी,” तो दुकानात येऊन, बाकावर बसून, अगदी गोड आवाजात म्हणाला, “कागदावर वीतभर लिहिलंय. खाली तुमची सही आहे. आता चार बोटं राहिलीय. मी तारखेला काय दाखवू? साहेब म्हणेल, हवालदार खोटा आणि ती सही करणारी बाईही खोटी.”

“आपोआप भरत असेल,” मी म्हटलं.

“आपोआप तेलही लागत असेल,” तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

त्याच दिवशी त्यानं बैलाच्या पाठीवर जुनं गोणपाट टाकलं आणि पोटाखालून सुंभानं आवळून बांधलं. माश्या बसू नयेत म्हणून, असं सांगितलं. गोणपाट खरखरीत, सुंभ ताणलेलं, बैल श्वास घेई तेव्हा ते बरोबर जखमेवर घासायचं. दोन दिवसांत गुलाबी कातडी गेली. मला कळत होतं तो काय करतोय ते, आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं. म्हातारा मात्र आला तो गोणपाट पाहून चौकीच्या पायरीशी गेला आणि हात जोडून म्हणाला, “उपकार झाले, सायेब. मुक्या जितराबाला पांघरून घातलंत.”

हवालदारानं नुसती मान डोलावली. शेठ दुकानातून हे बघत होता. म्हातारा गेल्यावर तो मला म्हणाला, “हवालदाराचा सत्कार करायला पाहिजे बुवा आपण.” आणि पोट धरून हसला.

मी दुपारचं औषध थांबवलं. सही माझी होती.

मग सोमवारी अमावास्या आली. सोमवती म्हणजे पिंपळाला एकशे आठ फेऱ्या आणि दर फेरीला एक वस्तू वाहायची. कोणी बदाम वाहतात, कोणी केळी. आमच्या नाक्यावर बदाम कुठले? आमच्याकडे बायका तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे उंडे करायच्या, आत गूळ. एकशे आठ उंडे. एरवी फेऱ्या झाल्या की ते वाटले जायचे. या खेपेला बैल पिंपळालाच बांधलेला. माझ्या शेजारच्या काकू फेऱ्यांच्या म्होरक्या. त्यांनीच काढलं की मुलाबाळांना वाटण्यापेक्षा या दुखावलेल्या नंदीच्या मुखी घातले तर पुण्य दसपट. नऊ बायका होत्या.

मला पिठाचं माहीत होतं. बैलाच्या पोटात शिजलेलं पीठ एवढं गेलं की ते आत आंबतं आणि पोट फुगतं. वीसेक उंडे झाले असतील तेव्हा मी दुकानातून उतरून गेले.

“काकू, पुरे करा. पीठ सोसायचं नाही त्याला.”

“अगो, देवाचं आहे ते.”

“देवाचं असलं तरी पोट बैलाचं आहे.”

काकू थांबल्या. हातातला उंडा तसाच. सगळ्या बायका थांबल्या. “तुझा नवरा मुंबईला,” काकू म्हणाल्या, “आणि तुला फेऱ्या नकोत. बरं. तू भजी तळ. पण आम्ही आमच्या कुंकवासाठी घालतोय त्यात तोंड घालू नकोस.”

एक जण मागून हळूच म्हणाली, “भज्यांना कुंकू लागत नाय.” आणि बाकीच्या हसल्या.

मी परत आले. हवालदार पायरीवर उभा राहून बघत होता. त्याला म्हटलं, “अडवा की. मुद्देमाल तुमचा आहे.”

“जखमेला हात लावत नाहीत त्या,” तो म्हणाला. “खायला घालतायत. खायला घालणं हा छळ होत नाही, वहिनी.”

बैलानं सगळे खाल्ले. आठवडे झाले होते त्याला पोटभर काही मिळून.

मंगळवारी सकाळी म्हातारा भारा घेऊन आला तेव्हा बैलाची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली होती. वाजवली तर वाजली असती. तोंडातून फेस, मान पुढं काढलेली. म्हाताऱ्यानं भारा टाकला.

“काय खाल्लंन यानं?”

मी सांगितलं. तो माझ्याकडं पाहतच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गोडं तेल, ओवा, हिंग एकत्र करून आणलं, त्यानं वेळूच्या नळ्यातून ते बैलाच्या घशात ओतलं. अर्धं बाहेर आलं. बैलाला चालवायला पाहिजे होतं. म्हातारा हवालदाराकडे धावला.

“चालवू द्या, सायेब. वारा सरंल पोटातला.”

“चालवायचा म्हणजे सोडायचा. सोडायचा हुकूम नाही.”

“तुमी धरा. तुमच्या हातात धरा दावं.”

“मी बैल फिरवू? गणवेशात?”

माणसं जमलीच होती. कोणीतरी म्हणालं, “शोभंल की ओ,” आणि हशा झाला. त्या हशानं हवालदार जो चिडला तो नंतर ऐकेचना.

एकच उपाय उरला होता. डाव्या कुशीच्या खळग्यात, बरगडी आणि खुब्याच्या मधे, टोकदार सुरी घुसवून वारा काढायचा. वडिलांना मी दोनदा करताना पाहिलं होतं, एकदा जागा धरून ठेवली होती. कांदे चिरायची सुरी घेऊन मी पिंपळाशी गेले. बोटांनी जागा चाचपली. जागा मला सापडली होती, हे मी आजही सांगते.

“वहिनी,” हवालदार मागून म्हणाला, “एक जखम कागदावर आहे. दुसरी केलीत तर आरोपींत तुमचं नाव. मग चहा कोण विकणार? या काकू?”

काकूही गर्दीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “गाईबैलाच्या अंगात सुरी! अगो, कसायाच्या घरची का तू?”

मी सुरी खाली केली. पदराला पुसली. तिला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसली.

दुपार कलायच्या आत बैल आडवा झाला. म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. एकाएकी तो उठला आणि बैलाच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडायला लागला. डोंगरातल्या लोकांत, जनावर दाव्यात मेलं, गळ्यात दोरी असताना जीव गेला, तर गोहत्या मालकाला लागते. बैल मरणारच होता. म्हाताऱ्याला आता एवढंच हवं होतं की तो मोकळा मरावा.

“गाठ सोडू नको,” हवालदार म्हणाला.

“मरतोय ओ तो. पळून जानार हाय का?”

“जिवंत आहे तोवर मुद्देमाल. मेल्यावर सोड.”

“मेल्यावर सोडून काय करू?”

हवालदारानं चौकीतल्या शिपायाला खूण केली. शिपायानं म्हाताऱ्याचे हात धरले. धरलेलेच असताना बैल मेला. गर्दीतली एक बाई “शिवशिव” म्हणाली, आणि मग सगळे पटापट पांगले, कारण आता ओढायचं कोणी हा प्रश्न येणार होता.

हवालदारानं महारवाड्याकडे सांगावा धाडला. तिथल्या लोकांनी मेलेली गुरं ओढणं सोडून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि तसं त्यांनी कळवलंही. ज्यांना पुण्य पाहिजे होतं त्यांनी ओढावा, असंही कळवलं. शेठ रागानं लाल झाला. मला ते उत्तर पटलं होतं, पण मी बोलले नाही. शेवटी संध्याकाळच्या मालमोटारीच्या मागं पाय बांधून बैल ओढत नेला आणि पुढच्या उतारावर खाली सोडला.

त्याआधी दुसरा पंचनामा झाला. ‘पाठीवरील जखमेच्या योगे मरण पावला.’ उंड्यांचा त्यात शब्द नाही. नऊ सवाष्णींच्या माथी गोहत्या कोण मारणार? त्यांतल्या दोघींचे नवरे पंच होते. कागद माझ्यासमोर आला. मी सही केली. अक्षर तेवढंच वळणदार आलं.

“बाय, काय लिवलंय?” म्हाताऱ्यानं मला विचारलं.

मी वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. तो “बरं” म्हणाला.

त्याच्या भावकीनं त्याला वाळीत टाकलं आणि प्राचित सांगितलं: महिनाभर गळ्यात तेच दावं घालून गावोगाव मागून खायचं, माणसाचा शब्द तोंडातून काढायचा नाही, दारात उभं राहून गुरासारखं हंबरायचं. महिना पुरा झाला की न्हाऊन, जेवण घालून तो शुद्ध. मधे बोलला किंवा दावं उतरलं तर पहिल्यापासून. हे मला आमच्याकडे येणाऱ्या डोंगरातल्या एका माणसानं सांगितलं.

कोर्टाची तारीख त्या महिन्याच्या आतच आली.

मी, हवालदार, शेठ आणि दोन पंच एकाच मोटारीनं महाडला गेलो. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की साहेबानं विचारलं तर सांगायचं: पोट फुगून मेला, जखम भरत होती, गोणपाट कोणी बांधलं ते. ठरवलं होतं हे खरं. विचारलं तर, हेही खरं.

म्हातारा आधीच पायी येऊन बसला होता. अंगात बंडी, गळ्यात दावं. पुकारा झाल्यावर पिंजऱ्यात उभा राहिला. साहेबानं विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि हंबरला.

खोली हसली. पट्टेवाला हसला, शेठनं रुमाल तोंडात घातला. साहेबाचा चेहरा कडक झाला. तेव्हा कारकून, जो इकडचाच होता, पुढं वाकून म्हणाला की साहेब, हे थट्टेनं नाही, यांच्यात असं प्रायश्चित्त असतं, बैल दाव्यात मेला की मालक असं करतो.

“म्हणजे बैलाची हत्या आपल्या हातून झाली असं तो मानतो?”

“तसंच ते, साहेब.”

“आणि ते सगळ्यांसमोर कबूल करत हिंडतो?”

“होय, साहेब.”

“मग साक्षी कशाला? कबुली लिहा.”

म्हाताऱ्यानं जोरजोरानं मान हलवली. नाही म्हणत होता की आणखी काही, कोण जाणे. पुन्हा हंबरला. दंड, आणि दंड न भरल्यास महिन्याची कैद. दंड तो कुठून भरणार?

माझं नाव कोणी पुकारलंच नाही. उठून बोलता आलं असतं. माझं तोंड कोणी धरलं नव्हतं. मला हायसं वाटलं, तेच लिहिते. बाहेर आलो तेव्हा हवालदारानं सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाला, “पाहिलंत? कागद पक्का असला की काम असं होतं.”

आम्ही चहा पीत असतानाच शिपाई म्हाताऱ्याला घेऊन चालले होते. एकानं त्याच्या गळ्यातलं दावं उतरवून घेतलं, कैद्याजवळ दोरी ठेवत नाहीत म्हणून. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. शिपायानं बोटं एकेक करून सोडवली. म्हातारा हंबरत होता आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मृग, आर्द्रा तो आत होता. सुटल्यावर त्यानं नवं दावं घेतलं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. श्रावणात आमच्या नाक्यावर आला. काकूंच्या दारात उभा राहिला, त्यांनी पसाभर तांदूळ घातले आणि पोरांना सांगितलं, पाया पडा. मग माझ्या दारात आला. त्याची जमीन पडीक गेली होती हे मला कळलं होतं. मी तांदूळ घातले आणि विचारलं, “दुसऱ्या बैलाचं काय केलंत, बाबा?”

विचारून झाल्यावर लक्षात आलं की त्याला उत्तर देता येत नाही. तो हंबरला आणि पुढच्या दुकानाकडे गेला.